पेनी बँकेचे कर्नल

आपल्या संस्थेचा इतिहास या स्मरणिकेत अन्यत्र आला आहे. संपादक मंडळाने मला सांगितले ते निराळे: आपल्याच कुळातली, पण आपल्या फार आधी जन्मलेली एखादी संस्था निवडा आणि तिची हकिकत लिहा. मी इंग्लंडमधली यॉर्कशायर पेनी बँक निवडली. पिग्मीच्या पुस्तकावर रोज दहा-वीस रुपये भरणारा भाजीवाला आपल्या दारी येतो, तसा तिच्या दारी गिरणीतला सूत कातणारा पोरगा यायचा. दुसरे कारण तिचे संस्थापक. एडवर्ड ॲक्रॉइड हे गिरणीमालक होते, स्वयंसेवक पलटणीचे लेफ्टनंट कर्नल होते आणि तीन निवडणुकांत पार्लमेंटवर निवडून गेले होते. असा माणूस गरिबाची बँक काढतो तेव्हा त्याच्या हेतूंकडे थोडे डोळे बारीक करून पाहावे लागते. तसे पाहिल्यावरही संस्था मोठीच ठरते, म्हणून हा लेख.

बँकेचे कामकाज 1 मे 1859 रोजी सुरू झाले. (त्या वेळी 1 मे हा कामगार दिन नव्हता, आणि महाराष्ट्र दिन व्हायला एकशे एक वर्षे होती, योगायोग एवढाच.) नाव हातभर लांब होते: वेस्ट रायडिंग ऑफ यॉर्कशायर प्रॉव्हिडंट सोसायटी अँड पेनी सेव्हिंग्ज बँक. ‘प्रॉव्हिडंट सोसायटी’ हा त्यातला भाग, म्हणजे आजारपण-म्हातारपणाच्या तरतुदीचा बेत, पुढे गळून पडला. पेनी तेवढी उरली.

पेनी किती लहान, हे आज सांगावे लागते. जुन्या हिशोबात बारा पेनींचा एक शिलिंग आणि वीस शिलिंगांचा एक पौंड. त्या काळच्या बचत बँका साधारणपणे शिलिंगाखाली ठेव घेत नसत. शिवाय त्या आठवड्यातून ठरावीक तास, तेही बहुधा दिवसा उघडत. गिरणीतला माणूस त्या वेळी साच्यावर उभा. शनिवारी संध्याकाळी पगार हातात पडायचा, तेव्हा बँक बंद आणि दारूचा गुत्ता उघडा. हा काही नीतिपाठ नाही, कामाच्या वेळा जुळत नव्हत्या एवढेच. ॲक्रॉइड यांनी ही अडचण आपल्या गिरणीच्या फाटकात उभे राहून पाहिली होती. गिरणीतल्या लोकांसाठी छोटी पेनी बँक चालवण्याचा अनुभवही त्यांच्या गाठीला होता.

दुसरी अडचण विश्वासाची. ॲक्रॉइड यांच्या हॅलिफॅक्स गावाच्या पश्चिमेला पेनाइन डोंगर ओलांडला की लँकेशायरमधले रॉचडेल गाव लागते. तिथल्या बचत बँकेचा कारभार जॉर्ज हॉवर्थ नावाच्या प्रतिष्ठित गृहस्थांकडे होता. 1849 मध्ये ते वारले, वह्या उघडल्या गेल्या आणि सुमारे 71,000 पौंडांचे भगदाड बाहेर आले. विश्वस्त म्हणून नावे लावणाऱ्या मोठ्या मंडळींवर कायद्याने जवळपास काहीच जबाबदारी नव्हती. पैसे बुडाले ते विणकरांचे आणि मोलकरणींचे. सहकारी चळवळीच्या इतिहासात रॉचडेलचे नाव आपण हात जोडून घेतो. सहकारी भांडाराचे पायोनियर तिथलेच, आणि ही बुडालेली पेढीही तिथलीच. भांडाराबद्दल पुस्तके निघाली. पेढीबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

1856 च्या सुमारास ॲक्रॉइड यांनी आपली योजना मांडली ती या पार्श्वभूमीवर. गावोगावी एकेकट्या पेनी बँका काढू नयेत. त्या कोणा एका शिक्षकाच्या किंवा पाद्र्याच्या उत्साहावर चालतात आणि तो माणूस बदलून गेला की विझतात. त्याऐवजी सगळ्या वेस्ट रायडिंग भागासाठी एक मध्यवर्ती संस्था, तिच्या गावोगाव शाखा, एकच हिशोबपद्धत, आणि पाठीशी उमराव-कारखानदारांची लेखी हमी. भागभांडवल नाही, लाभांश नाही. ठेवीवर व्याज देऊन आणि खर्च भागवून जे उरेल ते गंगाजळीत. आपल्याकडे बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी 1889 मध्ये ‘अन्योन्य’ मंडळी काढली ती सभासदांची होती. ही सभासदांची नव्हती. खातेदाराला इथे मत नव्हते. पैसे त्याचे, कारभार साहेबांचा. हा फरक आपण विसरू नये.

आता साहेबांकडे वळू.

एडवर्ड ॲक्रॉइड यांचा जन्म 4 ऑक्टोबर 1810 चा. वडील जोनाथन हे वर्स्टेडचे, म्हणजे विंचरलेल्या लांब लोकरीच्या गुळगुळीत सुताचे, मोठे कारखानदार. जेम्स ॲक्रॉइड अँड सन ही घराण्याची पेढी. बोलिंग डाइक आणि हेली हिल इथे गिरण्या. हॅलिफॅक्स हे डोंगराच्या कुशीतले, पाण्याच्या ओढ्यांवर वाढलेले गाव. आधी घरोघरी हातमाग, मग वाफेवरच्या गिरण्या, आणि त्यांच्या मधल्या पिढीची उपासमार. एडवर्ड याच मधल्या काळात वाढले.

1842 च्या ऑगस्टमध्ये लँकेशायर-यॉर्कशायरमध्ये मोठा संप उसळला. संपकरी गिरणीत शिरून बॉयलरची बुचे काढत, की वाफ गेली आणि साचे थांबले. म्हणून त्याला बुचांचा दंगा म्हणतात. हॅलिफॅक्समध्ये जमाव चालत आला, ॲक्रॉइड यांच्या हेली हिलवरच्या गिरणीपर्यंतही पोचला, आणि गावात लष्कराने गोळीबार केला. एकतीस वर्षांच्या या गिरणीमालकाच्या मनावर त्या दिवसांची छाप राहिली असणार असे मला वाटते, कारण पुढची तीस वर्षे ते जे जे करीत गेले त्याला एक सूत्र दिसते: कामगाराला काहीतरी आपल्या मालकीचे मिळाले पाहिजे. घर, ठेव, वाचनालयाचे सभासदत्व, पलटणीचा गणवेश. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे तो बॉयलरचे बूच काढायला येत नाही. मजुरी वाढवून देणे हा मार्गही होता. तो त्यांनी निवडला नाही. काटकसरीचा उपदेश मजुरी देणाऱ्याच्या तोंडून आला की तो कानाला जरा खटकतोच, आणि कामगारांना मताधिकार मागणाऱ्या त्या काळच्या चार्टिस्ट मंडळींनाही तो खटकत होता.

वडील 1847 मध्ये गेले आणि कारभार एडवर्ड यांच्याकडे आला. त्यांनी गावाबाहेर कॅल्डर नदीकाठी कॉप्ली इथे नवी गिरणी उभी केली आणि 1849 पासून तिच्याशेजारी कामगारांची वसाहत बांधली. घरे पाठीला पाठ लावलेली, म्हणजे मागे खिडकी नाही, वारा आरपार नाही. आरोग्याच्या दृष्टीने हा प्रकार वाईट आहे हे तेव्हाच्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. ॲक्रॉइड यांचे उत्तर व्यवहारी होते: भाडे परवडले पाहिजे. दर्शनी भाग मात्र त्यांना आवडणाऱ्या जुन्या गॉथिक वळणाचा.

दुसरी वसाहत 1861 पासून हेली हिलजवळ, त्यांच्या स्वतःच्या बंगल्यासमोर उभी राहिली. तिला नाव ॲक्रॉयडन. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे इंग्लंडमधले त्या काळचे सर्वांत गाजलेले वास्तुशिल्पी. मुंबई विद्यापीठाच्या दीक्षान्त सभागृहाचा आणि राजाबाई टॉवरचा आराखडा पुढे यांनीच केला, म्हणजे फोर्टमधून जाताना आपण ज्यांच्या कामाकडे मान वर करून पाहतो ते हेच गृहस्थ. ॲक्रॉयडनमध्ये घरे भाड्याने द्यायची नव्हती, कामगाराला विकायची होती. कर्जाची सोय हॅलिफॅक्स पर्मनंट बिल्डिंग सोसायटीकडून, आणि सुरुवातीची रक्कम ज्यांच्यापाशी नाही त्यांच्यासाठी ॲक्रॉइड यांची हमी. इथे एक गंमत झाली. होऊ घातलेल्या घरमालकांना हे गॉथिक आवडेना. काळोखी आणि जुनाट दिसते, छपरातल्या त्या खिडक्यांमुळे धर्मादाय आश्रमासारखे वाटते, अशी कुरकुर सुरू झाली. स्वतःच्या पैशाने घर घ्यायचे आणि ते अनाथाश्रमासारखे दिसायचे, ही तक्रार मला तरी रास्त वाटते. ॲक्रॉइड हटले नाहीत. पण तडजोड म्हणून प्रत्येक घरावर मालकाच्या नावाची आद्याक्षरे दगडात कोरून दिली. तक्रारी बऱ्याचशा मिटल्या.

स्कॉट यांच्याच हातून त्यांनी हेली हिलवर ऑल सोल्स हे चर्च बांधवून घेतले. ॲक्रॉइड घराणे मूळचे मेथडिस्ट पंथाचे. एडवर्ड मोठेपणी अँग्लिकन झाले आणि बाटगा मोठ्याने बांग देतो तसे त्यांचे झाले असावे. शिवाय गावातले दुसरे धनाढ्य घराणे क्रॉस्ली, गालिच्यांचे कारखानदार आणि काँग्रिगेशनल पंथाचे. त्यांच्या चर्चचा मनोरा 235 फुटांचा. ऑल सोल्सचा मनोरा झाला 236 फुटांचा. या एका फुटावर हॅलिफॅक्सची माणसे अजून हसतात. स्कॉट यांनी मात्र हे आपले सर्वांत उत्तम चर्च मानले.

राजकारणात ते लिबरल, पण जहाल नव्हेत. 1857 च्या निवडणुकीत त्यांनी हडर्सफील्डला रिचर्ड कॉब्डेन यांना हरवले. हा निकाल साऱ्या देशात गाजला. कॉब्डेन हे मुक्त व्यापाराचे आणि धान्यकायद्याविरुद्धच्या लढ्याचे नेते. चीनमधल्या युद्धावरून त्यांनी पामर्स्टन यांच्या सरकारवर ठपका ठेवणारा ठराव जिंकला होता, आणि त्यानंतर झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्यांनाच शिक्षा केली. युद्धविरोधी माणसाला पाडून निवडून आलेला हा माणूस थोड्याच वर्षांत कर्नलचा गणवेश घालणार होता. पण 1859 च्या वसंतात हडर्सफील्डची जागा त्यांच्या हातून गेली.

त्याच वसंतात बँक सुरू झाली. आणि 12 मे 1859 रोजी लष्करी खात्याने स्वयंसेवक पलटणी उभारायची परवानगी दिली. फ्रान्सची धास्ती होती. आदल्या वर्षी जानेवारीत इटालियन क्रांतिकारक ओर्सिनी याने पॅरिसमध्ये नेपोलियन तिसऱ्यावर बॉम्ब टाकले. ते बॉम्ब इंग्लंडमध्ये तयार झाले होते, म्हणून फ्रेंच लष्करात संताप होता. आता स्वारी होणार, अशी हवा इंग्लंडमध्ये पसरली. गावोगावची माणसे संध्याकाळी कवायत करू लागली. सुरुवातीला बंदूक आणि गणवेश ज्याचा त्याने आणायचा होता, त्यामुळे खर्च उचलणारा स्थानिक धनिक आपोआप अधिकारी होई. हॅलिफॅक्सच्या तुकड्या मिळून पुढे चौथी वेस्ट यॉर्क रायफल व्हॉलंटियर्स झाली आणि तिचे लेफ्टनंट कर्नल झाले एडवर्ड ॲक्रॉइड. गिरणीचा मालक, वसाहतीचा हमीदार, बँकेचा प्रमुख, चर्चचा दाता आणि पलटणीचा कर्नल हे सगळे एकच गृहस्थ. हॅलिफॅक्सच्या त्या भागात माणसाचा दिवस त्यांच्या भोंग्याने सुरू होई आणि त्यांच्या कवायतीने संपे. यातली उदारता खरी आणि घुसमटही खरी.

ती पलटण लढाईवर कधी गेली नाही. फ्रेंच आलेच नाहीत. 1883 मध्ये ती ड्यूक ऑफ वेलिंग्टन्स रेजिमेंटची स्वयंसेवक बटालियन म्हणून नोंदली गेली. त्या रेजिमेंटमध्ये सामील झालेल्या जुन्या 76 व्या पायदळाने 1803 मध्ये अलीगड, दिल्ली आणि लासवारी इथे दौलतराव शिंद्यांच्या फौजांशी लढाई केली होती; त्याबद्दल मिळालेले हत्तीचे चिन्ह ही रेजिमेंट मिरवीत असे. तिचे संग्रहालय आज हॅलिफॅक्सच्या बँकफील्ड वाड्यात आहे. तोच ॲक्रॉइड यांचा राहता बंगला. शिंदेशाहीच्या पराभवाच्या खुणा पाहायला मराठी माणसाला असे लोकरीच्या गावात, पेनी बँकेच्या संस्थापकाच्या घरी जावे लागते.

1865 ते 1874 ते हॅलिफॅक्सचे खासदार होते. तिथे त्यांनी फार गाजवले असे म्हणता येत नाही. पार्लमेंटमध्ये त्यांच्या नावाने सांगावे असे काही मला दिसत नाही. त्यांचे खरे काम दर शनिवारी संध्याकाळी गावोगावच्या शाळांत चालू होते.

त्या कामाकडे आता पाहू. शाखा म्हणजे इमारत नव्हे. एखादी शाळा, चर्चची खोली, कामगारांसाठीच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूटचे सभागृह, तिथे आठवड्यातून एक संध्याकाळ टेबल मांडायचे. टेबलामागे पगारी कारकून नसत. गावातलेच शिक्षक, दुकानदार, गिरणीतले हिशोबनीस विनामूल्य बसत. खातेदार रांगेने येत, पेनी ठेवत, पासबुकावर नोंद होई आणि तीच नोंद खातेवहीत. गोळा झालेली रक्कम आणि हिशोब मध्यवर्ती कचेरीकडे जाई. एका टेबलावरचा माणूस चुकला किंवा फसवू लागला तर कचेरीत ताळा जुळत नसे. रॉचडेलला जे घडले ते घडू नये म्हणून ही दुहेरी नोंद होती. आपल्या पिग्मी एजंटाच्या पावतीपुस्तकाची आणि काउंटरवरच्या लेजरची आपण दर महिन्याला गाठ घालतो, तेच काम.

हडर्सफील्डमध्येच चार्ल्स साइक्स नावाचे एक बँक अधिकारी होते. पोस्टाने देशभर बचत बँक चालवावी, ही त्यांची कल्पना. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी ती उचलली आणि 1861 मध्ये पोस्टाची बचत बँक सुरू झाली. (ती आपल्याकडे यायला 1882 उजाडले.) सरकारी हमी, गावोगाव पोस्ट ऑफिस, रोज उघडे. पेनी बँक आता गुंडाळणार असे कोणाला वाटले असते तर नवल नव्हते. पण पोस्टही शिलिंगाखाली घेत नसे. म्हणून पेनी बँक टिकली, नुसती टिकली नाही तर वाढली. 1871 मध्ये नाव आटोपशीर झाले: यॉर्कशायर पेनी बँक. शाळांमधून मुलांची खाती उघडली जाऊ लागली. खातेदारांना चेकची सोयही मिळाली, जी त्या काळी बचत बँकेत सहसा नसे. 1894 मध्ये लीड्सच्या इन्फर्मरी स्ट्रीटवर बँकेची मोठी इमारत उभी राहिली. शाळेच्या बाकावरून सुरू झालेल्या संस्थेला आता घुमट-मनोरे आले.

संस्थापकांचे दिवस मात्र उलट फिरले. वर्स्टेडच्या धंद्याला 1870 नंतर उतरती कळा लागली; फॅशन बदलली, फ्रेंच कापड वरचढ ठरले, परदेशी जकाती वाढल्या. ॲक्रॉइड यांनी वसाहती, चर्च, महाविद्यालय, बंगल्याचे वाढीव बांधकाम यांवर सढळ हाताने खर्च केला होता. गावाने 1875 मध्ये त्यांच्या हयातीतच पुतळा उभारला, पण तोवर तिजोरी आटू लागली होती. पत्नी एलिझाबेथ 1884 मध्ये वारल्या, मूलबाळ नव्हते. शेवटी ते दक्षिणेकडे सेंट लेनर्ड्स या समुद्रकाठच्या गावी जाऊन राहिले आणि 19 नोव्हेंबर 1887 रोजी तिथे वारले. मागे राहिलेली मालमत्ता बाराशे पौंडांच्या आसपास होती. बँकफील्ड त्याच वर्षी हॅलिफॅक्स नगरपालिकेने 6,000 पौंडांना घेतले आणि तिथे वाचनालय व संग्रहालय केले.

गिरणीवाल्याची संपत्ती गेली आणि बँक राहिली, याचे कारण दोघांची खाती वेगळी होती. हे वाचायला सोपे वाटते. पण संस्थापकाच्या धंद्याला कर्ज देऊन बुडालेल्या पतसंस्थांची नावे आपल्यापैकी कोणालाही बसल्या बैठकीला चार-पाच सांगता येतील. ॲक्रॉइड यांच्या बँकेच्या घटनेत गिरण्यांना कर्ज देण्याची वाटच नव्हती. ठेवी सरकारी आणि तशाच सुरक्षित रोख्यांत जात.

पण त्या सुरक्षिततेनेच पुढे घात केला. सरकारी कर्जरोख्यांची किंमत 1897 च्या सुमारास शंभराच्या वर होती, ती 1911 पर्यंत ऐंशीच्या आसपास आली. व्याज ठरल्याप्रमाणे मिळत होते, मुद्दलाला धोका नव्हता. पण आज विकायचे झाले तर ठेवींइतके पैसे उभे राहत नव्हते. भागभांडवल नाही म्हणजे पडती किंमत सोसायला उशी नाही, आणि गंगाजळी ठेवींच्या मानाने तुटपुंजी. त्याच वर्षी जूनमध्ये लंडनची बर्कबेक बँक याच दुखण्याने बंद पडली. यॉर्कशायर पेनी बँकेसमोर रांगा लागल्या असत्या तर उत्तर इंग्लंडच्या लाखो घरांत हाहाकार उडाला असता. लंडन सिटी अँड मिडलंड बँकेचे प्रमुख सर एडवर्ड होल्डन यांनी पुढाकार घेतला. अनेक मोठ्या बँकांनी मिळून पैसे घातले आणि यॉर्कशायर पेनी बँक लिमिटेड ही भागभांडवलाची कंपनी उभी राहिली. खातेदारांचे पैसे वाचले. पण पहिल्या घटनेतला ‘लाभांश नाही’ हा कणा त्या दिवशी मोडला.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तो कोणत्याही बँकेचा असू शकतो. 1959 मध्ये, शंभराव्या वर्षी, नावातली ‘पेनी’ गेली आणि ती यॉर्कशायर बँक झाली. मालक असलेल्या मोठ्या बँकांनी 1990 मध्ये ती नॅशनल ऑस्ट्रेलिया बँकेला 977 दशलक्ष पौंडांना विकली. ऑस्ट्रेलियन मालकाने 2016 मध्ये तिला स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेसह वेगळी काढली. त्या समूहाने 2018 मध्ये व्हर्जिन मनी विकत घेतली आणि नंतर तेच नाव सर्वत्र लावले. यॉर्कशायर बँकेच्या पाट्या उतरल्या.

ॲक्रॉयडनच्या घरांना कर्ज देणारी ती हॅलिफॅक्स सोसायटी 1997 मध्ये सभासदांची मालकी सोडून बँक झाली, आणि 2009 मध्ये तिच्यासह सगळा समूह लॉइड्सच्या पदरात पडला. पेनी बँकेचे मात्र उलट घडले. 1 ऑक्टोबर 2024 रोजी व्हर्जिन मनी नेशनवाइड बिल्डिंग सोसायटीने सुमारे 2.9 अब्ज पौंडांना घेतली. नेशनवाइडला भागधारक नाहीत, तिचे मालक तिचे सभासद. म्हणजे 1911 मध्ये भागधारकांच्या हाती गेलेली ही बँक एकशे तेरा वर्षांनी पुन्हा लाभांश न वाटणाऱ्या घरात आली. फरक इतकाच की कर्नलसाहेबांनी खातेदाराला जे मत दिले नव्हते, ते या घरात सभासदाला आहे.